इंग्रजी लेखांतील स्वल्पविराम

पुण्यांतील नदीकांठच्या एका पेठेंत एका जुन्या घराण्याचा कागदसंग्रह आहे. त्याची यादी पुष्कळ वर्षांपूर्वीं इंग्रजींत तयार झाली व तिच्या टंकलिखित प्रति दोनतीन ग्रंथालयांत ठेवण्यांत आल्या. यादीच्या प्रस्तावनेंत एक वाक्य होतें. मूळ इंग्रजी शब्द बाळबोध अक्षरांत उतरून देतों: “द बंडल्स, विच वेअर सोक्ड इन द फ्लड, वेअर डिस्ट्रॉइड.” पूर म्हणजे अर्थात् १२ जुलै १९६१ चा, पानशेतचें धरण फुटून आलेला. हें वाक्य वाचून प्रस्तुत लेखकानें त्या संग्रहाच्या नांवावर काट मारली. दप्तरें पुरांत भिजलीं व नष्ट करण्यांत आलीं; मग तेथें जाऊन पाहावयाचें काय? पुढें नऊ वर्षांनीं निराळ्याच कामानिमित्त त्या घरीं जाण्याचा योग आला. बोलतां बोलतां यजमानांनीं माळ्याकडे बोट दाखविलें. वर तेरा रुमाल जसेच्या तसे बांधलेले होते. तळमजल्यावर होते ते चिखलानें कुजले व टाकून द्यावे लागले. वरच्यांस पाणी शिवलेंही नव्हतें. यादी करणारांस ही गोष्ट पूर्णपणें ठाऊक होती. किंबहुना आपण तेंच लिहिलें आहे अशी त्यांची समजूत होती. चूक त्यांच्या माहितींत नव्हती, शब्दांतही नव्हती. ती दोन स्वल्पविरामांत होती.

ते दोन स्वल्पविराम काढून टाकले तर वाक्याचा अर्थ असा होतो कीं, जीं दप्तरें भिजलीं होतीं तेवढींच नष्ट केलीं. ते ठेवले तर अर्थ असा कीं, दप्तरें नष्ट केलीं, आणि जातां जातां सांगावयाचें तर तीं भिजलेलीं होतीं. पहिल्या रीतीनें पोटवाक्य निवड करतें. दुसऱ्या रीतीनें तें केवळ अधिक माहिती पुरवितें. इंग्रजीचा हा नियम व्याकरणाच्या पुस्तकांत अखेरच्या प्रकरणांत कोठें तरी असतो व परीक्षा संपतांच विसरला जातो. परंतु याद्या, टांचणें व प्रस्तावना लिहिणारांस त्याच्याइतका उपयोगी नियम दुसरा नाहीं. त्याची कसोटीही सोपी आहे. ‘विच’ किंवा ‘हू’ या शब्दानें आरंभ होणारें पोटवाक्य बोटानें झांकावें आणि उरलेलें वाचावें. उरलेलें विधान आपणांस मान्य असेल तर पोटवाक्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम द्यावे. तें फार व्यापक झालें असें वाटत असेल तर एकही देऊं नये. “द बंडल्स वेअर डिस्ट्रॉइड” एवढेंच वाक्य त्या यादीकारांपुढें ठेवलें असतें, तर ते तत्काळ म्हणाले असते कीं, छे, सगळीं कोठें? जेथें निवड अभिप्रेत आहे तेथें ‘विच’ऐवजीं ‘दॅट’ हा शब्द योजण्याचा परिपाठ ठेवल्यास शंकेस जागाच उरत नाहीं.

ही चूक आपल्या लोकांकडून इतक्या वेळां होते कीं, तिचें कारण केवळ अनवधान नसावें, असें मला फार दिवस वाटत आलें आहे. कारण मराठींतच आहे. आपल्या भाषेंत निवड करण्याचें काम ‘जो–तो’ ही जोडी करते. “जीं दप्तरें भिजलीं तीं नष्ट केलीं” या वाक्याचा ‘सर्व दप्तरें’ असा अर्थ कोणीही करणार नाहीं. मग मध्यें स्वल्पविराम द्या, नका देऊं, किंवा चार द्या. ‘जीं’ आणि ‘तीं’ यांनीं कुंपण अगोदरच घातलेलें असतें. म्हणून मराठींत “जीं दप्तरें भिजलीं, तीं नष्ट केलीं” असा मध्यें एक स्वल्पविराम देण्याची संवय हाताला लागते व तिनें नुकसान कांहींच होत नाहीं. तीच संवय घेऊन हात इंग्रजींत उतरतो. तेथें मात्र ‘जो–तो’ नसतो, आणि तो स्वल्पविराम कुंपण घालण्याऐवजीं असलेलें कुंपण काढून टाकतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, वाक्याच्या पोटांत कांहीं घालावयाचें असेल तर इंग्रजींत स्वल्पविराम जोडीनेंच येतात. “नाना फडणीस, द मिनिस्टर, डाइड ॲट पूना इन १८००” हें वाक्य शुद्ध आहे. यांतील दुसरा स्वल्पविराम विसरला तर वाक्याचें रूप असें होतें कीं, जणूं कोणी नाना फडणिसांस हाक मारून सांगत आहे कीं, अहो नाना, कारभारी पुण्यास वारले. हंसूं येईल, पण असल्या वाक्यांचीं उदाहरणें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. इंग्रजी प्रस्तावना असलेलीं आपलीं कोणतींही चार पुस्तकें चाळावीं. कर्ता लांब झाला म्हणून त्याच्यापुढें दम घेण्यासाठीं एक स्वल्पविराम टाकण्याची रीतिही तशीच. “द लेटर्स फाउंड इन द टेंपल, आर इन मोडी” यांत कर्ता व क्रियापद यांची ताटातूट झालेली आहे व आजच्या इंग्रजींत ती दोष समजली जाते. तसेंच दोन स्वतंत्र वाक्यें नुसत्या स्वल्पविरामानें सांधूं नयेत. मराठींत “तो आला, बसला, बोलला” हें गोड लागतें. इंग्रजींत अशा ठिकाणीं उभयान्वयी शब्द, अर्धविराम किंवा सरळ पूर्णविराम हवा.

नांवांच्या ओळी हा आपला विशेष प्रांत. शेवटल्या नांवापूर्वीं, म्हणजे ‘अँड’ या शब्दाच्या अगोदर, स्वल्पविराम द्यावा कीं न द्यावा, याविषयीं इंग्रजी लिहिणारांतच दोन पंथ आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे अधिकारी होरेस हार्ट यांनीं १८९३ मध्यें आपल्या जुळाऱ्यांसाठीं नियमांचें एक लहान पुस्तक केलें. तें १९०४ मध्यें सर्वांसाठीं प्रसिद्ध झालें. त्या मुद्रणालयाची रीति स्वल्पविराम देण्याची असल्यामुळें त्यास ऑक्सफर्डचा स्वल्पविराम असें नांव पडलें. अमेरिकेंतील पुस्तकांत तो बहुधा असतो, ब्रिटिश वृत्तपत्रांत बहुधा नसतो. हा वाद निव्वळ आवडीचा आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं अमेरिकेंतील मेन संस्थानचा खटला पाहावा. तेथील एका कायद्यांत जादा कामाच्या वेतनास अपवाद असलेल्या कामांची यादी होती: डबाबंद करणें, टिकविणें, गोठविणें, वाळविणें, सांठविणें वगैरे, आणि अखेरीस “पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन”. ‘शिपमेंट’ नंतर स्वल्पविराम नव्हता. मग ‘डिस्ट्रिब्यूशन’ हें स्वतंत्र काम, कीं पाठवणीसाठीं किंवा वांटणीसाठीं बांधणें हें एकच काम? ओकहर्स्ट नांवाच्या दुग्धालयाच्या गाडीवानांनीं म्हटलें कीं, आम्ही माल वांटतों, बांधीत नाहीं. सबब अपवाद आम्हांस लागू नाहीं. मार्च १९१७ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, मार्च २०१७ मध्यें, वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, वाक्य संदिग्ध आहे व संदेहाचा फायदा कामगारांस मिळाला पाहिजे. २०१८ मध्यें पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड झाली. गंमत अशी कीं, त्या संस्थानच्या विधिलेखनाच्या नियमपुस्तकांतच असा स्वल्पविराम देऊं नये असें सांगितलेलें होतें. पुढें विधिमंडळानें ती यादी दुरुस्त केली व स्वल्पविरामांच्या जागीं अर्धविराम घातले.

मात्र ऑक्सफर्डचा स्वल्पविराम हें सर्व रोगांवरचें औषध आहे असें कोणी समजूं नये. यादींत “लेटर्स टू द मिनिस्टर, नाना फडणीस अँड हरिपंत फडके” असें लिहिलें तर पत्रें तिघांस आहेत कीं दोघांस, हें कळत नाहीं. ‘अँड’ पूर्वीं स्वल्पविराम दिला तरी पंचाईत सुटत नाहीं, कारण मग “नाना फडणीस” हे शब्द दोन स्वल्पविरामांच्या मध्यें सांपडतात व ‘मिनिस्टर’चें स्पष्टीकरण वाटूं लागतात. अशा वेळीं विरामचिन्हांशीं झटापट करीत बसण्यापेक्षां क्रम बदलावा, हरिपंतांस अगोदर घ्यावें, किंवा माणसांची संख्या सरळ आंकड्यानें सांगावी. पत्र कोणाचें, कोणास, हें ठरविण्यांत संशोधकाचे दिवस जातात. तें ठरल्यावर एका टिंबाच्या शेपटीनें पुन्हां बिघडावें हें बरें नव्हे.

आंकड्यांतील स्वल्पविरामाविषयीं दोन शब्द पुरेत. वसईच्या तहानें, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, पेशव्यांनीं इंग्रजांस सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख लावून दिला. हा आंकडा आपण २६,००,००० असा लिहूं, विलायतेंत तो २,६००,००० असा लिहितील. एकाच लेखांत दोन्ही रीती मिसळल्या कीं वाचणाराचा गोंधळ ठरलेला. गोव्याच्या कागदांवर काम करणारांनीं आणखी जपावें, कारण पोर्तुगालमध्यें छापलेल्या आधुनिक पुस्तकांत स्वल्पविराम हें दशांशचिन्ह असतें. तेथें १२,५०० म्हणजे साडेबारा हजार नव्हेत, साडेबारा.

येथवर जे नियम सांगितले ते आजच्या इंग्रजीचे आहेत. जुन्या इंग्रजी कागदांस ते लावूं लागलों तर मात्र उलट बाजूनें फसगत होते, आणि माझ्या मतें ही फसगत पहिलीपेक्षां अधिक घातक आहे.

‘कॉमा’ हा शब्द ग्रीक आहे व त्याचा मूळ अर्थ ‘कापलेला तुकडा’. आरंभीं तें चिन्हाचें नांव नव्हतें, वाक्याच्या तुकड्याचें होतें. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा अधिकारी ॲरिस्टोफेनीस यानें इ. स. पूर्वीं सुमारें २०० च्या सुमारास निरनिराळ्या उंचीवर टिंबें देऊन असे लहानमोठे तुकडे दाखविण्याची युक्ति काढली. हेतु एवढाच कीं, मोठ्यानें वाचणारानें कोठें किती थांबावें तें त्यास कळावें. मध्ययुगांतील हस्तलिखितांत या कामीं तिरकस रेघ येऊं लागली. १४७६ मध्यें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घालणारा कॅक्स्टन हाही आपल्या पुस्तकांत ती रेघच वापरतो. आज दिसतें तें टिंबाला शेपूट असलेलें रूप व्हेनिस येथील आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यांतून पंधराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालें व पुढील शतकांत इंग्लंडांत पोंचलें. रूप बदललें, पण काम तेंच राहिलें: श्वास घेण्याची जागा दाखविणें. लिंडले मरे याचें १७९५ चें इंग्रजी व्याकरण शाळाशाळांतून चालत असे. त्यांत स्वल्पविरामाचे नियम वाक्यरचनेवरून सांगितलेले आहेत खरे. पण त्याच ग्रंथांत स्वल्पविराम म्हणजे सर्वांत लहान विश्रांति, अर्धविराम तिच्या दुप्पट, अपूर्णविराम त्याच्या दुप्पट व पूर्णविराम त्याच्याही दुप्पट, असें तालाचें गणितही आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीसही हें चिन्ह अर्धें व्याकरणाचें व अर्धें गळ्याचें होतें.

याचा परिणाम काय झाला तें अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तींत दिसतें. ही दुरुस्ती १७९१ मध्यें अमलांत आली. तिच्या एका वाक्याच्या हस्तलिखित प्रतींत तीन स्वल्पविराम आहेत. तेव्हांच्याच दुसऱ्या प्रतींत ते कमी आहेत. त्यांतील एक तर कर्ता व क्रियापद यांच्या मध्येंच बसलेला आहे, जो आज शाळेंतला मुलगा घालील तर मास्तर खोडील. लिहिणाराच्या दृष्टीनें ती दमाची जागा होती. तरीही २००७ मध्यें एका वरिष्ठ न्यायालयानें शस्त्रें बाळगण्याच्या हक्काचा अर्थ लावतांना, दुसरा स्वल्पविराम वाक्याचे दोन खंड पाडतो, असें कारण दिलें. पाठभेद असलेल्या जागेवर असा भार टाकणें आपल्या पोथ्या तपासणारांस धाडसाचें वाटेल.

आपल्या कामांत हा प्रश्न वखारींच्या पत्रव्यवहारांत येतो. सुरत व मुंबई येथील इंग्रज व्यापाऱ्यांच्या सतराव्या शतकांतील पत्रांत स्वल्पविराम कोठें येतो व कोठें येत नाहीं, यास आजच्या व्याकरणाचा नियम नाहीं. कारकून बदलला कीं रीत बदलते. हेन्री ऑक्झिंडन १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेकास हजर होता. त्याचें व तत्सम लेखन आपण बहुधा छापील संग्रहांतून, जसें १९३१ मध्यें पुण्यास निघालेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ यांतून, वाचतों. छापील पानावरील स्वल्पविराम हा लिहिणाराचा, नक्कल करणाराचा, संपादकाचा किंवा जुळाऱ्याचा, यांपैकीं कोणाचाही असूं शकतो. विल्यम फॉस्टर यांच्या ‘दि इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया’ या १९०६ पासून निघालेल्या तेरा भागांत तर बराचसा मजकूर त्यांनीं स्वतः केलेला सारांश आहे. तेथील विरामचिन्हें फॉस्टर यांचीं, वखारवाल्यांचीं नव्हेत. अशा ग्रंथांतील वाक्य उद्धृत करून “येथें स्वल्पविराम असल्यामुळें अमुक दोन व्यक्ति निराळ्या ठरतात” असा युक्तिवाद माझ्या वाचनांत एकापेक्षां अधिक वेळां आला आहे. मूळ कागदाची छायाप्रत पाहिल्यावांचून असें लिहूं नये.

लेखनिकाचा हात काय करूं शकतो याचें उदाहरण अमेरिकेच्या १८७२ च्या जकातीच्या कायद्यांत आहे. फळझाडांस जकात माफ असावी असा हेतु होता. ‘फ्रूट-प्लँट्स’ यांतील संयोगचिन्हाच्या जागीं स्वल्पविराम पडला व ‘फळें, झाडें’ असे दोन पदार्थ झाले. उष्ण प्रदेशांतील फळें बिनजकात येऊं लागलीं. १८७४ मध्यें कायदा दुरुस्त करावा लागला. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा सर्वतोमुखीं आहे. ती १७७३ मधील नारायणरावांच्या वधाविषयींची दंतकथा आहे व तिच्यावर इतिहास उभा करतां येत नाहीं. या स्वल्पविरामाची गोष्ट मात्र सरकारी कागदांत नोंदलेली आहे.

पण सर्वांत बोधक प्रसंग इंग्लंडांतला आहे, कारण त्यांत न्यायाधीशांस आपल्यासारखें दप्तरखान्यांत जावें लागलें. सर रॉजर केसमेंट हे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीं झटणारे गृहस्थ. पहिल्या महायुद्धांत ते जर्मनींत गेले व तेथें कैदेंत असलेल्या आयरिश शिपायांस ब्रिटनविरुद्ध लढण्यासाठीं फितविण्याचा त्यांनीं यत्न केला. एप्रिल १९१६ मध्यें ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले व पकडले गेले. त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला तो १३५१ च्या कायद्याखालीं. हा कायदा नॉर्मन फ्रेंच भाषेंत चर्मपत्रावर लिहिलेला. त्यांतील प्रस्तुत कलम मराठींत, विरामचिन्हांवांचून व मूळ शब्दक्रम शक्य तितका राखून, असें होईल: जर कोणी राजाच्या शत्रूंस मिळाला त्याच्या राज्यांत त्यांस साह्य व आधार देत राज्यांत किंवा अन्यत्र. केसमेंट यांचें सर्व कृत्य जर्मनींत घडलेलें. त्यांचे वकील सार्जंट सलिव्हन यांचें म्हणणें असें कीं, ‘किंवा अन्यत्र’ हे शब्द केवळ साह्य देण्यास लागतात. शत्रूस मिळणारा माणूस स्वतः राज्यांत असला पाहिजे. सरकारपक्ष म्हणे कीं, ‘त्यांस साह्य व आधार देत राज्यांत’ एवढें मध्येंच घातलेलें स्पष्टीकरण आहे. तें दोन विरामांच्या आंत टाका म्हणजे ‘किंवा अन्यत्र’ हें शत्रूस मिळण्यास जाऊन भिडतें. म्हणजे आमच्या पेठेंतल्या यादीचाच प्रश्न: मधला तुकडा स्वल्पविरामांत घालावयाचा कीं नाहीं? येथें मात्र पणास दप्तरें नव्हतीं, माणूस होता.

खालच्या न्यायालयानें २९ जून १९१६ रोजीं केसमेंट यांस दोषी ठरविलें. अपील झालें तेव्हां डार्लिंग व ॲटकिन हे दोन न्यायाधीश स्वतः लंडनच्या सरकारी दप्तरखान्यांत गेले व त्यांनीं मूळ गुंडाळी उघडून पाहिली. सरकारपक्षाच्या अर्थास जेथें विराम हवा होता तेथें विरामाची खूण त्यांस आढळली. सलिव्हन यांचा युक्तिवाद असा होता कीं, अपराध जर स्वल्पविरामावर अवलंबून असेल तर त्याचा निर्णय आरोपीच्या बाजूनें लागला पाहिजे. तो मान्य झाला नाहीं. ३ ऑगस्ट १९१६ रोजीं केसमेंट यांस फांशी देण्यांत आली व ‘स्वल्पविरामावर फांशी गेलेला माणूस’ ही त्यांची ओळख मागें राहिली. ही ओळख थोडी अतिशयोक्तीची आहे. न्यायालयानें मुख्य आधार घेतला तो कोक व हॉकिन्स या जुन्या शास्त्रकारांच्या मतांचा. गुंडाळीवरील खूण ही पुष्टि होती. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगें हें कीं, १३५१ मधील लेखनिकानें केलेली खूण कोणत्या हेतूनें केली, दमासाठीं कीं अर्थासाठीं, हें त्या खुणेवरून ठरत नाहीं. आणि तरीही ती पाहण्यासाठीं न्यायाधीश छापील पुस्तकावर विसंबले नाहींत, मूळ कागदापाशीं गेले.

आतां आपल्या कागदांकडे वळूं. मोडी कागदांत बहुधा विरामचिन्हें नसतात, शब्दही तोडलेले नसतात. आधीं ओळभर रेघ ओढावयाची व तिला अक्षरें लटकवीत जावयाचीं, असा प्रकार. तरी त्या लेखकांचें अडत नसे. ‘ऐसियास’, ‘त्यास’, ‘तरी’, ‘म्हणोन’, ‘सबब’, ‘येविशीं’ हे शब्दच विरामाचें काम करीत. हिशेबी कागदांत ‘बितपशील’ हा शब्द आला कीं पुढें यादी उघडते व प्रत्येक रकमेस आपली जागा मिळते. पण असा शब्द नसेल तेथें काय? माझ्या मनचें एक वाक्य घेतों: “फौजगेलीनाहींराहिली”. “फौज गेली, नाहीं राहिली” असें तोडलें तर छावणी ओस पडते. “फौज गेली नाहीं, राहिली” असें तोडलें तर ती जेथल्या तेथें आहे. बाळबोधींत उतरणारा जो स्वल्पविराम देईल तोच पुढें इंग्रजी भाषांतरांत जाईल, भाषांतरावरून चरित्रांत जाईल, आणि मोडी न जाणणारा वाचक तारीखवार मोहीम मांडील. म्हणून माझी सूचना अशी कीं, मोडी कागद छापतांना अर्थनिर्णायक असा प्रत्येक स्वल्पविराम चौकटी कंसांत घालावा, म्हणजे तो संपादकाचा आहे हें पानावरच दिसेल. बाकीचे कमी महत्त्वाचे विराम प्रस्तावनेंत एकदां सांगून खुशाल द्यावे. पान थोडें विद्रूप दिसेल हें मान्य आहे.

मराठींत हीं इंग्रजी चिन्हें रूढ करण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस देतात, व तें योग्यच आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामांतील त्यांचे हे सहकारी. त्यांचें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक १८५० चें. तत्पूर्वींची स्थिति पाहण्यास दोन साधनें विशेष उपयोगी आहेत. एक, ६ जानेवारी १८३२ पासून बाळशास्त्री जांभेकरांनीं काढलेलें ‘दर्पण’, ज्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. एकाच बातमीचे दोन पाठ ताडून पाहण्याची अशी सोय अन्यत्र क्वचितच मिळते. दुसरें, १८१८ नंतर कंपनीच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या कारकुनांचे मोडी कागद. हे लोक दिवसभर इंग्रजी नकला पाहत, आणि त्यांच्या हातांत तें चिन्ह केव्हां उतरलें हें त्यांच्या खाजगी पत्रांवरून दिसण्याजोगें आहे. १८१८ ते १८५० या काळांतील ज्या मोडी अगर बाळबोध कागदांत स्वल्पविराम किंवा तत्सम खूण आढळते, असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या ओळीचें छायाचित्र, कागदाची मिति व लिहिणाराचा हुद्दा समजत असल्यास तो, संपादकांच्या पत्त्यावर पाठवावा. नक्कल करून पाठवूं नये, छायाचित्रच पाठवावें.